ऑपरेशनच्या रुग्णाला मेसेज: नाव घालण्याआधी करायची कामं

पहाटे साडेसहाला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एक आजी आल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन, लिस्टवर दुसरा नंबर. मुलाने गाडी भाड्याने केलेली, कामावर चार दिवसांची रजा टाकलेली. भूलतज्ज्ञांनी विचारलं, सकाळपासून काही घेतलंय का? आजी म्हणाल्या, "काही नाही. पेज तेवढी घेतली. पाणी चालतं म्हणून मेसेज आला होता ना!" ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. मेसेजमध्ये आजींचं नाव बिनचूक होतं, वर इस्पितळाचा लोगो होता, खाली 'लवकर बरे व्हा' होतं. तो मेसेज मी लिहिला होता.

त्यानंतर मी गोव्यातल्या तीन-चार इस्पितळांसाठी असे मेसेज बसवले आणि जवळजवळ सगळीकडे कामाचा क्रम उलटा पाहिला. आधी सॉफ्टवेअर घेतात, मग मेसेजात नाव घालतात, मग कुणाच्या तरी भाच्याकडून भाषांतर करून घेतात आणि सगळ्यात शेवटी विचारतात की हा मेसेज वाचणार कोण. सुरुवात तिथूनच करायची असते. रुग्ण आज कुठल्या टप्प्यावर आहे, मेसेज कुणाच्या फोनवर आणि कुठल्या लिपीत वाचला जाणार आहे आणि डॉक्टरांनी त्याच रुग्णाबद्दल काय ठरवलं आहे, या तीन गोष्टी माहीत असल्या की मेसेज त्या माणसाचा होतो. नाव घातलं नाही तरी चालतं.

खालचं सगळं ठरवून केलेल्या ऑपरेशनांसाठी आहे. अपघात, पोट फुगून रात्री आलेला रुग्ण, असल्या धावपळीत मेसेज कुणी वाचत नाही, पाठवूही नका.

## तयारी: सॉफ्टवेअरला हात लावण्याआधीचे आठ दिवस

पहिलं काम म्हणजे वॉर्डातल्या फोनजवळ दोन दिवस बसायचं. एक वही घ्यायची आणि रुग्णांचे नातेवाईक फोनवर काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं. "रक्त पातळ करायची गोळी घेऊ की नको?" "कुठल्या दाराने यायचं?" "दीनदयाळचं कार्ड चालतं काय?" (म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) "राती सोबत बाईमाणूसच हवं की मुलगा चालेल?" "डोक्यावरून न्हायचं?" तुमचे मेसेज या प्रश्नांची उत्तरं आहेत. मीटिंगमध्ये बसून सुचलेले विषय आणि वहीतले प्रश्न ताडून पाहा, निम्मे विषय गळून पडतील.

दुसरं, चार माणसं गोळा करा: वॉर्डातली एक अनुभवी सिस्टर, ओटी (ऑपरेशन थिएटर) लिस्ट बनवणारी व्यक्ती, एक भूलतज्ज्ञ आणि केस पेपर काढणाऱ्या खिडकीवरचा क्लार्क. मोठे डॉक्टर सही करतील, पण मेसेज कुठे फसणार हे क्लार्कला आणि सिस्टरला माहीत असतं.

तिसरं, ॲप बनवू नका. आयुष्यात एकदा हर्नियाचं ऑपरेशन करून घेणारा माणूस त्यासाठी ॲप उतरवून घेत नाही. घेतलं तरी पासवर्ड विसरतो. त्याच्या फोनवर आधीच असलेल्या गोष्टी वापरा. त्या तीन आहेत: एसएमएस, व्हॉट्सॲप आणि साधा कॉल.

*तपासा: रुग्णाने मेसेजला उत्तर दिलं तर ते कोण वाचणार, त्या माणसाचं नाव आज कागदावर आहे का? नसेल तर इथेच थांबा.*

## टप्पा १: एकच ऑपरेशन निवडा आणि त्याची वाट आखा

सगळ्या विभागांचं एकदम सुरू करण्याचा मोह होतो. एकच घ्या. मोतीबिंदू, हर्निया किंवा पित्ताशय यांपैकी जे तुमच्याकडे दर आठवड्याला होतं ते.

मग भिंतीवर मोठा कागद लावून त्या रुग्णाची वाट आखा: ऑपरेशन करायचं ठरलं, तपासण्या झाल्या, भूलतज्ज्ञांनी पाहिलं, तारीख मिळाली, ॲडमिट, ऑपरेशन, डिस्चार्ज, टाके किंवा ड्रेसिंग, शेवटची भेट. प्रत्येक थांब्याखाली दोन गोष्टी लिहा: हा थांबा पार झाला हे इस्पितळात सर्वांत आधी कुणाला कळतं, आणि ते कुठे लिहिलं जातं. कॉम्प्युटरवर, रजिस्टरमध्ये की नुसतं फोनवर सांगितलं जातं?

ही दुसरी गोष्ट टाळली की पुढचं सगळं कोसळतं. एका ठिकाणी ऑपरेशन पुढे ढकलल्याची नोंद फक्त ओटीच्या दारावरच्या फळ्यावर खडूने होत होती. कॉम्प्युटरला फळा वाचता येत नाही. आम्ही दुपारी चार वाजता फळ्यावरून कॉम्प्युटरवर नोंद करण्याचं काम एका माणसाकडे दिलं, त्यासाठी पगारात थोडी भर घातली आणि तेवढ्याने निम्म्या तक्रारी बंद झाल्या.

## टप्पा २: खिडकीवरचे पाच रकाने

नोंदणीच्या वेळी 'भाषा' असा एकच रकाना ठेवतात. गोव्यात तो हमखास चुकतो. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरीतला माणूस घरी कोकणी बोलतो आणि वर्तमानपत्र मराठी वाचतो. त्याला विचारलं "भाषा कुठली?" तर तो कोकणी सांगणार, आणि तुम्ही त्याला देवनागरी कोकणीत मेसेज पाठवला तर तो अडखळत वाचणार. सासष्टीतली एखादी बाई तीच कोकणी बोलते, पण वाचते रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत. देवनागरी तिच्या कामाची नाही. वास्कोच्या बाजूचा मजूर कानडी बोलतो, हिंदी समजतो, वाचता कदाचित काहीच येत नाही. दोडामार्ग, सावंतवाडीहून येणाऱ्यांना मराठीच हवं. म्हणून रकाने असे ठेवा:

१. बोलायची भाषा. कॉल आणि आवाजी मेसेज यातून ठरतो.

२. वाचायची भाषा आणि लिपी. 'वाचत नाही' हा पर्याय ठेवाच, आणि तो विचारताना "वाचता येतं का?" असं विचारू नका. "मेसेज आला तर तुम्ही स्वतः बघता की घरातलं कुणी वाचून दाखवतं?" असं विचारा. कुणाला कमीपणा वाटत नाही आणि उत्तर खरं मिळतं.

३. हा नंबर कुणाचा? रुग्णाचा, मुलाचा, शेजाऱ्याचा? मुलगा बोटीवर किंवा आखातात असेल तर त्याच्या व्हॉट्सॲपवर गेलेला मेसेज घरी पोहोचेपर्यंत इथे दुसरा दिवस उजाडलेला असतो.

४. ऑपरेशनच्या दिवशी सोबत येणाऱ्याचा नंबर. उपाशी राहण्याचा मेसेज या नंबरवरही जायला हवा.

५. आजाराचा उल्लेख मेसेजमध्ये चालेल का? हो किंवा नाही.

पाचव्या रकान्याला लोक हसतात. गर्भाशयाचं किंवा मूळव्याधीचं ऑपरेशन असलेल्या बाईचा नंबर म्हणून दिराचा फोन दिलेला असतो, आणि स्क्रीन बंद असतानाही मेसेजची पहिली ओळ वर दिसते. पहिल्या ओळीत ऑपरेशनचं नाव कधीच घालू नका, उत्तर 'हो' असलं तरी.

*तपासा: नोंदणी करतानाच त्या नंबरवर एक चाचणी मेसेज पाठवा आणि समोरच्या माणसाला तो मोठ्याने वाचायला सांगा. एक मिनिट जातं. चुकीचा आकडा, बंद फोन, न वाचता येणारी लिपी, तिन्ही तिथल्या तिथे सापडतात.*

## टप्पा ३: संमती

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. ती संपायची वाट पाहू नका. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय रुग्णाला द्यावी लागते. मराठी आणि कोकणी दोन्ही त्या यादीत आहेत. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे, म्हणून 'मेसेज नकोत' हा पर्याय प्रत्येक मेसेजच्या शेवटी हवा. रुग्ण १८ वर्षांखालचा असेल तर आईवडिलांची संमती, तीही पडताळता येईल अशी.

ऑपरेशनच्या संमतीपत्रात ही संमती घुसडू नका. ऑपरेशनला हो म्हणणं आणि मेसेजला हो म्हणणं वेगळं आहे. नको म्हणणाऱ्याचं ऑपरेशन अडणार नाही हे कागदावर लिहा आणि तोंडीही सांगा.

## टप्पा ४: डॉक्टरांचा निर्णय आधी, मजकूर नंतर

सगळ्यात धोक्याची जागा हीच. "सर्व औषधे नियमित घ्यावीत" हे वाक्य मी निदान पाच इस्पितळांच्या मेसेजमध्ये वाचलं आहे. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्याला ती गोळी साधारण पाच दिवस आधी थांबवायला सांगतात. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या निदान तीन दिवस आधी बंद कराव्यात असं सांगितलं जातं. उलट, हृदयात स्टेंट असलेल्याने ॲस्पिरिन मनाने बंद केली तर जिवावर बेतू शकतं. इन्सुलिनचं गणित आणखी वेगळं. एका वाक्यात हे मावत नाही, आणि मावलं तरी ते ठरवण्याचा अधिकार तुमच्या सॉफ्टवेअरला नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसीन मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलं आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने रुग्णाला सल्ला देऊ नये आणि औषध लिहून देऊ नये. मेसेज आपोआप लिहून देणारं साधन विकायला कुणी आलं तर त्याला हा मुद्दा पहिल्यांदा विचारा.

काम असं बसवा. भूलतज्ज्ञांच्या तपासणीच्या वेळी रुग्णाच्या प्रत्येक औषधापुढे तीनच पर्याय दिसावेत: चालू, बंद, बदल. बंद किंवा बदल असेल तर तारीख भरल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. रिकामं सोडलेलं औषध म्हणजे 'चालू' असं साधनाने कधीच समजू नये. रकाना रिकामा असेल तर रुग्णाला जाणारा मजकूर एकच: "गोळ्यांबद्दल अजून ठरलं नाही, सिस्टरांचा फोन येईल." आणि त्याच क्षणी सिस्टरच्या कामांच्या यादीत तो रुग्ण दिसला पाहिजे.

रुग्णाला औषधाचं शास्त्रीय नाव माहीत नसतं. तो "सकाळची अर्धी पांढरी" म्हणतो. ओपीडीतच गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून ठेवा आणि मेसेजबरोबर त्याच पाकिटाचा फोटो पाठवा, वर ठळक 'बंद, शुक्रवारपासून'. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी घरात असतं. एक बंद करून दुसरं चालू ठेवणारे पाहिले आहेत. झाडपाल्याचं काही घेता का, हेही विचारून ठेवा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

*सावध: औषध बंद करायचा मेसेज ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाठवणं म्हणजे न पाठवणंच. पाच दिवस आधी बंद करायचं असेल तर मेसेज ऑपरेशनच्या सात दिवस आधी आणि पुन्हा सहा दिवस आधी जायला हवा.*

## टप्पा ५: उपाशी राहण्याचा मेसेज

एवढा एक मेसेज नीट जमला तरी तुमचा खर्च वसूल झाला. तो असा असतो:

"आपली शस्त्रक्रिया परवा दि. १२ रोजी नियोजित असून मध्यरात्रीनंतर उपाशीपोटी राहावे. फक्त द्रव पदार्थ चालतील."

चार चुका आहेत. 'परवा' मागचा की पुढचा हे मराठीत संदर्भावरून कळतं, आणि मेसेज तर दुसऱ्या दिवशी उघडला जातो. 'उद्या'ही दुसऱ्या दिवशी वाचला की चुकतो, तारीख आणि वार दोन्ही लिहा. 'मध्यरात्र' कुठल्या दिवसाची? "बुधवारी रात्री १२" म्हटलं की निम्मे लोक बुधवार संपतानाची रात्र धरतात, म्हणजे ऑपरेशन होऊन गेल्यानंतरची. 'द्रव पदार्थ' म्हणजे आपल्याकडे पेज, दूध, ताक आणि नारळाच्या रसाची सोलकढी. यातलं एकही भूलतज्ज्ञांच्या हिशेबात पाण्यासारखं नाही. आणि चौथी, 'उपाशीपोटी' म्हटल्यावर बरेच जण पाणीही सोडतात, त्यात ऑपरेशन दुपारवर गेलं तर म्हातारं माणूस सुकून जातं.

ठरलेल्या ऑपरेशनसाठी जगभर वापरला जाणारा हिशेब असा: साधं पाणी, बिनदुधाचा चहा यांसारखे आरपार दिसणारे द्रव दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, हलकं खाणं आणि इतर दूध सहा तास, तळलेलं किंवा मासमटण आठ तास किंवा अधिक. तुमचे भूलतज्ज्ञ यापेक्षा कडक आकडे देतील, मधुमेही किंवा गरोदर रुग्णासाठी वेगळे देतील. त्यांचेच घ्या. तुमचं काम ते तास घड्याळाच्या वेळेत बदलून देणं. रुग्णाला वजाबाकी करायला लावू नका.

त्याऐवजी आम्ही तयार केलेला मजकूर:

"बुधवार १२ तारखेला सकाळी ऑपरेशन.
मंगळवारी रात्री ९ (नऊ) ला शेवटचं जेवण. त्यानंतर पेज, दूध, दुधाचा चहा, सोलकढी, बिस्कीट काही नको.
साधं पाणी बुधवारी पहाटे ५ (पाच) पर्यंत प्या. त्यानंतर घोटभरही नको.
सकाळच्या गोळ्यांचा मेसेज वेगळा आला आहे."

पदार्थांची नावं घेतली, तिथेच खरा फरक पडला. कॅथलिक घरासाठी उंडो (गोव्यातला पाव) आणि सूप, उत्तर भारतीय मजुरासाठी सत्तू, अशी यादी बदलते. ही यादी सिस्टरांकडून घ्या. कोण काय खाऊन येतं ते त्यांना पाठ असतं.

एक बारीक गोष्ट. देवनागरी एक (१) इंग्रजी आकड्यांची सवय असलेल्या डोळ्यांना नऊसारखा दिसतो. वेळेचा आकडा अक्षरांतही लिहा: 'पहाटे ५ (पाच)'. आणि प्रत्येक वेळेपुढे पहाटे, सकाळी, दुपारी, रात्री यांपैकी एक शब्द हवाच.

*तपासा: मेसेज भूलतज्ज्ञांना लॅपटॉपवर दाखवू नका. त्यांच्या फोनवर पाठवा, वाचून होकार मिळाल्यावर तारीख टाकून सही घ्या. मजकुरात एक शब्द बदलला तरी सही पुन्हा.*

## टप्पा ६: एसएमएस, व्हॉट्सॲप की आवाज

एसएमएस पाठवायला इस्पितळाची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि प्रत्येक मजकुराच्या साच्याची टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी यंत्रणेत (व्यावसायिक एसएमएसची नोंद ठेवणाऱ्या) नोंदणी लागते. मंजूर साच्यात नंतर मनाने बदल केला की मेसेज जातच नाही, आणि बऱ्याचदा तुम्हाला कळतही नाही. मजकुरात लिंक असेल तर तीही आधी नोंदवावी लागते. म्हणून आधी मजकूर पक्का, सह्या झालेल्या, मगच नोंदणी. उलटं केलेल्यांना पुन्हा सगळी रांग लावावी लागते.

देवनागरीतला एक एसएमएस ७० अक्षरांचा. लांब झाला की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ मावतात. इथे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं स्वतंत्र मोजलं जातं. 'शस्त्रक्रिया' हा शब्द १२ खातो, 'ऑपरेशन' ६. लोक बोलतातही ऑपरेशनच. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्या एका ट्रस्टींना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला होता. त्यांना भाषेचा मुद्दा पटला नाही, बिलाचा पटला.

व्हॉट्सॲपवर फोटो, आवाज, बटणं सगळं जमतं. पण रुग्णाने शेवटचा मेसेज केल्यापासून २४ तास उलटले की मंजूर साच्याशिवाय तुम्हाला काही पाठवता येत नाही. टाक्यांचा फोटो त्याने शुक्रवारी पाठवला आणि तुम्ही सोमवारी उत्तर द्यायला बसलात तर खिडकी बंद झालेली असते. कोकणीचा साचा नोंदवण्याआधी ती भाषा यादीत मिळते का ते पाहून घ्या.

वाचत नसलेल्यांसाठी आवाज. यंत्राच्या आवाजातली कोकणी ऐकून माणसं फोन ठेवतात. वॉर्डातल्या सिस्टरकडून तीस-चाळीस सेकंदांचे मेसेज रेकॉर्ड करून घ्या. ऑपरेशनच्या दिवशी तोच आवाज समोर भेटला की रुग्णाचा चेहरा बदलतो. एका मेसेजात एकच विषय. वेळा बदलत असतात, म्हणून वार आणि तास वेगळे रेकॉर्ड करून जोडावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं.

सत्तरी, सांगेच्या डोंगराकडच्या गावांत रेंज ये-जा करते. मेसेज पोहोचल्याची खूण ठरावीक तासांत आली नाही तर साधनाने सिस्टरला कळवावं आणि तिने सोबतच्या माणसाच्या नंबरवर कॉल करावा. पाठवला म्हणजे पोहोचला, असं धरून चालू नका.

## टप्पा ७: तारीख बदलते तेव्हा

आठवडाभराचे मेसेज आधीच रांगेत लावून ठेवतात आणि विसरतात. तसं करू नका. प्रत्येक मेसेज निघण्याच्या क्षणी साधनाने ओटी लिस्ट नव्याने पाहावी: रुग्ण अजून लिस्टवर आहे का, तारीख तीच आहे का, तो ॲडमिट आहे की घरी?

ऑपरेशनपूर्वीचे मेसेज ऑपरेशनच्या तारखेवरून मोजायचे आणि नंतरचे डिस्चार्जच्या तारखेवरून. नंतरचेही ऑपरेशनच्या तारखेवरून मोजले की वॉर्डातच पडून असलेल्या रुग्णाला "घरी सुखरूप पोहोचलात ना?" असा मेसेज येतो. शेजारच्या कॉटवर हशा होतो, पण रुग्णाचा तुमच्यावरचा विश्वास जातो.

तारीख पुढे गेली आणि रक्त पातळ करणारी गोळी बंद करायचा मेसेज आधीच गेलेला असेल, तर नवा मेसेज आपोआप पाठवू नका. माणसाने फोन करायचा, डॉक्टरांना विचारून. गोळीविना आणखी चार दिवस काढणं काही रुग्णांसाठी ऑपरेशनपेक्षा धोक्याचं.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर तारीख दिली की माणूस हो म्हणतो आणि येत नाही. दिनदर्शिका साधनात घाला आणि त्या आठवड्यातल्या रुग्णांना मेसेजऐवजी फोन करा.

आणि एक बटण. 'सर्व मेसेज थांबवा.' एका खासगी इस्पितळात रुग्ण ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दगावला. वॉर्डाने कागदपत्रं पूर्ण केली, बिल मिटलं. मृत्यूनंतर अकराव्या दिवशी, घरात बाराव्याची तयारी चालू असताना, त्याच्या मुलीच्या फोनवर टाके काढायला येण्याची आठवण गेली. शेवटी 'आपल्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा'. मृत्यूची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये होत होती आणि आमच्या साधनाला ते रजिस्टर ठाऊकच नव्हतं. आता मृत्यू, दुसऱ्या इस्पितळात हलवणं आणि सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज या तिन्ही नोंदी झाल्याबरोबर सगळं थांबतं, आणि शिवाय वॉर्डातल्या कुठल्याही सिस्टरला कुणाची परवानगी न घेता ते बटण दाबता येतं.

*तपासा: खोटा रुग्ण बनवा. त्याची तारीख दोनदा बदला, मग ऑपरेशन रद्द करा, मग त्याला मृत दाखवा. प्रत्येक वेळी कुठला मेसेज गेला आणि कुठला अडला ते लिहून काढा. हे केल्याशिवाय सुरू करू नका.*

## टप्पा ८: उत्तरं कोण वाचतंय

"कसे आहात?" विचारलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं: "बरें आसा." ताप असला तरी. डॉक्टरांना त्रास कशाला! म्हणून प्रश्न असा विचारा की शिष्टाचाराला जागाच उरू नये. "ड्रेसिंगवर ओल दिसते का? हो / नाही." "आज लघवी झाली का?" "ताप मोजला का? किती?" दिवसाला दोन प्रश्न, जास्त नाहीत.

उत्तरांचे तीन ढीग करा. श्वास लागणं, छातीत दुखणं, ड्रेसिंग रक्ताने भिजणं: इथे साधनाने वाट पाहायची नाही, लगेच '१०८ ला फोन करा' आणि इस्पितळाचा नंबर, शिवाय ड्युटीवरच्या डॉक्टरांना कॉल. ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, पू, वाढत जाणारी सूज किंवा दुखणं, एका पोटरीला सूज: सिस्टरने तासाभरात फोन करायचा. बाकीचं दुसऱ्या दिवशी सकाळी. कुठलं लक्षण कुठल्या ढिगात, हे तुमच्या सर्जनकडून लिहून आणि सही करून घ्या. माझी यादी नमुन्यापुरती.

रात्री कुणी उत्तर देणार नसेल तर तसं सरळ लिहा: "रात्री ८ ते सकाळी ८ इथे कुणी मेसेज वाचत नाही. त्रास असेल तर या नंबरवर फोन करा." आपला मेसेज डॉक्टरांनी वाचला या समजुतीत रात्र काढणारा रुग्ण मेसेजची सोयच नसलेल्या रुग्णापेक्षा जास्त धोक्यात असतो.

## टप्पा ९: पाच माणसांवर चाचणी

ऑफिसातल्या लोकांवर नको. ओपीडीच्या बाकावर बसलेली पाच माणसं घ्या: मराठी वाचणारा साठीपुढचा एक, रोमी वाचणारी एक, हिंदीवर निभावणारा एक, न वाचणारी एक आणि तडा गेलेल्या स्क्रीनचा, अक्षरं मोठी करून ठेवलेला फोन असलेला एक. मेसेज त्यांच्याच फोनवर पाठवा. "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "आता मला सांगा, मंगळवारी रात्री आणि बुधवारी सकाळी तुम्ही काय काय करणार?" ते जे सांगतील ते लिहून घ्या. पाचांपैकी एकाने जरी वेळ किंवा गोळी चुकीची सांगितली तरी मजकूर परत टेबलावर.

मग एका वॉर्डात महिनाभर चालवा. या महिन्यात सिस्टरांचे फोन बंद करू नका. मेसेजही जाईल आणि फोनही. मोजायच्या गोष्टी थोड्या: खाऊन किंवा पिऊन आल्यामुळे किती ऑपरेशनं पुढे गेली, न सांगता किती जण आले नाहीत, मेसेज वाचून किती जणांनी 'म्हणजे काय?' विचारायला फोन केला. किती मेसेज पाठवले हा आकडा व्यवस्थापनाला फार आवडतो. तो अहवालाच्या शेवटच्या पानावर ठेवा.

आणि सुरुवातीची ती वही बंद करू नका. दर शुक्रवारी अर्धा तास, आठवड्यातले नवे प्रश्न सिस्टर आणि भूलतज्ज्ञांसमोर वाचायचे. गेल्या पावसात पेडण्याच्या एका आजोबांनी फोन करून विचारलं, "पेज नको म्हणता ते कळलं. वरची निवळ घेतली तर?" भूलतज्ज्ञ आधी हसले, मग म्हणाले, तीही नकोच. यादीत 'पेज' होतं तिथे आता 'पेज आणि पेजेची निवळ' असं आहे. सह्या पुन्हा घेतल्या, साचा पुन्हा नोंदवला.